अंडं न लागलेली शेगडी

रोहा,
पौष पौर्णिमा, सोमवार, १२ जानेवारी १९९८

चि. सौ. सरूस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे डोळे चुरचुरतात, घसा धरलाय आणि दोरीवरची लुगडी वाळण्याआधी काळी होतात, पण सुखरूप आहोत. मी फोन केला की तू "बरी आहे, ठेवते" म्हणतेस. पत्राला तसं मध्येच "ठेवते" म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

या सगळ्या धुराचं कारण तुझे बाबा. धाटावला त्यांच्या केमिकल कंपनीतल्या कुणा साहेबाच्या निरोपाच्या जेवणात त्यांनी एक कोळशाची शेगडी पाहिली. आडवं कापलेलं पिंप, खाली चार पाय, वर जाळी, तिच्यावर बिजागरीचं झाकण. तशी आपल्या अंगणात हवीच, असं त्यांच्या मनाने घेतलं. आधी कंपनीतलंच एक रिकामं पिंप स्कूटरला बांधून आणलं. मी विचारलं, "यात काय होतं?"

"धुतलंय."

"धुतलंय का ते नाही विचारलं. काय होतं ते विचारलं."

ते पिंप आल्या वाटेने परत गेलं. मग वेल्डिंगवाल्याकडून नव्या पत्र्याची शेगडी करून घेतली. त्या दिवसापासून पहिली शिफ्ट संपली की हे घरी येतात, चहासुद्धा न घेता अंगणात बसतात आणि बटाटे भाजतात. फक्त बटाटे. रोज.

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं समजावं, हे अनुमान मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले. आपल्या अंगणात धूर अखंड आणि अग्नी केव्हाच विझलेला. आता वर्गात कोणत्या तोंडाने उभी राहू? आणि बटाटे! वरून लोणारी कोळसा, आतून शेतातून आत्ता उपटल्यासारखे. मी म्हटलं, "अहो, आधी उकडून घ्या." तर म्हणाले, "मग तो भाजलेला कसला?" म्हटलं, "फोडी तरी करा." तर म्हणाले, "फोडी केल्या की रस जातो." नऊ रस मला पाठ आहेत. हा दहावा माझ्या स्वयंपाकघरातून निघाला.

सकाळी बटाट्याची भाजी, डब्यात बटाटा, रात्री जळालेल्या बटाट्याचं भरीत. मी कंटाळले गो.

मागे शेजारचे दाजी येऊन विचारून गेले, "हैबत, पोपटी कधी लावतोस?" शेतात वालाच्या शेंगा भरल्यात, बांधावर मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पाला माजलाय, मडकी माळ्यावर आहेत. हे म्हणाले, "यंदा नाय." बस्स, एवढंच. दर थंडीत शेतात मडक्यातली पोपटी भाजायला अख्ख्या आळीला गोळा करणारा हा माणूस. मी विषय वाढवला नाही. त्या दिवसाचा विषय या पत्रातही काढायचा नाही, असं ठरवूनच बसले होते. पण तो काढल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

गेल्या वर्षीची ती दोन मडकी. एकात नुसत्या शेंगा, बटाटे, रताळी, तुझ्या माळकरी सासूबाईंसाठी, कृष्णाबाईंसाठी. दुसऱ्यात कोंबडी नि अंडी. ओळखायला बाबांनी एकाच्या बुडाला चुन्याची रेघ ओढली होती. मडकी उपडी घालून भोवती जाळ केल्यावर ती रेघ काजळीत गेली, हे त्यांना कळायला नको होतं? तरी छातीठोकपणे म्हणाले, "हेच." कृष्णाबाईंनी अर्धा बटाटा खाल्ला आणि मग त्याच मडक्यातून तंगडी निघाली. इथवर चूक म्हणता आली असती. पण हे हसले. "बटाट्याच्या पोटात काय कोंबडी शिरते व्हय?" असं चारचौघांत बोलले. कृष्णाबाई उठल्या, शेताच्या पाटाच्या पाण्याने चूळ भरली आणि तशाच एस.टी.च्या दिशेने चालू लागल्या. आपले जावई कान्हूराव चपला हातात घेऊनच त्यांच्या मागे धावले.

तू म्हणालीस, "बाबा, हमरापूरला येऊन त्यांची माफी मागा."

"बटाट्यासाठी? नाय."

"मग मीपण येणार नाय."

दोघांचा एकच स्वभाव. मधल्या मधे मी, ना तिकडची ना इकडची. गौरीला आली नाहीस, दिवाळीला आली नाहीस. पेणजवळचं हमरापूर काय काशीला आहे?

असो. आता परवाचं ऐक. हे मीठ आणायला घरात आले होते. दाजींनी घरून दोन अंडी आणलेली, ती त्यांनी हौसेने जाळीवर ठेवली. एक तडकलं आणि पांढरं सगळं जाळीवर ओघळलं. बाबा बाहेर आले आणि असे ओरडले की चिंचेवरचे बगळे उडाले.

"दाजी! कोणाला इचारून ठेवलंस?"

"अरे, अंडंच हाय. बॉम्ब नाय."

"उचल! आधी उचल ते!"

दाजी बिचारे उरलेलं अंडं धोतरात धरून घरी गेले, अजून आलेले नाहीत. मग यांनी जाळी राखेने घासली, चिंचेने घासली, परत राखेने घासली. काल रविवारी सकाळी उठून ती जाळीच काढून टाकली आणि वेल्डिंगवाल्याला घरातून उठवून नवी बसवून आणली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "जाळीच्या पोटात काय अंडं शिरतं व्हय?"

एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची चार असतात. या वेळी नुसते कोळसे फुंकत राहिले. मग खालीच बघून म्हणाले, "उद्या त्या बाईने इचारलं, ह्याच्यावर आजवर काय काय भाजलंय, तर मी काय सांगू?"

"कुठली बाई?"

"तू गप बस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एवढी शास्त्रं शिकून पतीच्या धुरावरून अग्नी ओळखायला मला महिना लागला.

काल संध्याकाळी त्यांना जमलं. कोळसे कडेला सारले, बटाटे मधे ठेवले, निखाऱ्यांवर भांबुर्डीचा ओला पाला टाकला आणि झाकण लावून एकदाचे हात बांधून बसले. बटाटा अंगठ्याने दाबला तसा उकलला. ओवा, जाडं मीठ, आणि वास थेट पोपटीचा. मी "बरा आहे" म्हटलं. "छान" कृष्णाबाईंसाठी राखून ठेवलंय.

तर सरू, येत्या रविवारी ये. कान्हूराव गणपतीच्या मूर्ती वाळत घालून दुपारच्या गाडीने निघाले तरी चालेल. आणि सासूबाईंना घेऊन ये. माफीचा शब्द यांच्या तोंडून निघणार नाही, हे आधीच सांगते. त्यांची जीभ तिथे वळत नाही, आणि ती वळवत बसण्याचं माझं वय राहिलं नाही. कृष्णाबाईंना एवढंच सांग की या शेगडीवर बटाट्याखेरीज काही चढलेलं नाही, आणि ज्या जाळीवर चढलं ती भंगारात गेली. बाकीचं त्या समजतील. मूर्तीचे डोळे आखणाऱ्या घरातल्या आहेत.

तुझे बाबा मघापासून माझ्या पाठीमागे चष्मा शोधताहेत. चष्मा नाकावर आहे. "मी काय कोणाला बोलावलं नाय," असं दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "बटाटा उपासालापण चालतो, ते लिहिलंस?" लिहिलं. आता म्हणतात, "ताट-तांब्या त्यांनी आपल्या घरून आणला तरी मला राग नाय, तेपण लिही. माझं नाव नको घालू."

नाव घातलेलं नाही.

वाट बघणाऱ्या दोघांपैकी जिला सही करायची परवानगी आहे, ती,
तुझी आई