डावा पंख

सोमवार, ३

पोहोचले एकदाची! सामान आणणारे आत्ताच गेले आणि जाताना माझं कपाट न्हाणीघराच्या दारातच ठेवून गेले. राहू दे, उद्या बघू. दोन खोल्या, मागे छोटी बाग, बागेला भिंत, आणि घरात कुणीही आजारी नाही! एकतीस वर्षं रुग्णालयात परिचारिका, मग चार वर्षं आईचं अंथरूण. आता या हातांनी कुणाला भरवायचं नाही, कुणाची कूस बदलायची नाही. आता मी फक्त झोपणार.

हे ताईला फोनवर सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, चार दिवसांत कुणीतरी शोधशीलच. येत्या सोळा तारखेला, रविवारी, ती बघायला येणार आहे. येताना चष्मा आण म्हणून बजावलं. चष्म्याशिवाय तिला दारावरची पाटीही वाचता येत नाही, आणि चष्मा घरी विसरणं हा तिचा जुना छंद आहे.

गुरुवार, ६

चार दिवससुद्धा नाही गेले. ताईला सांगायचीही सोय नाही.

सकाळी भिंतीच्या कडेला पक्षी पडलेला दिसला. कोंबडीएवढा, मातकट रंगाचा, चोच टोकाला वाकलेली. मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण पेशंट ओळखता येतो. डावा पंख लोंबत होता, डावा पाय मिटलेला, आणि चोच उघडली तरी आवाज नाही. मी दोनदा घरात परत गेले. तिसऱ्यांदा जुनी चादर फाडूनच बाहेर आले.

बागेतल्या अवजारांच्या खोलीत एक टोपली सापडली. तळाशी चिंध्या व्यवस्थित अंथरलेल्या, जणू माझीच वाट पाहत होती. पंख अंगाशी बांधला, चमच्याने पाणी पाजलं. बांधताना सवयीने म्हणाले, तुझं दुखणं मला येऊ दे. हे आईचं वाक्य. आम्ही दोघी बहिणींनी ते उचललं. हजारो पेशंटांना मी ते म्हटलं असेल. बोलायला काय जातं!

मग सवयीनेच तक्ता आखला. डावा पंख, डावा पाय, आवाज. प्रत्येकापुढे रोजची नोंद.

शनिवार, ८

पशुवैद्याकडे टोपली नेली. तरुण आहे, पण हात हलका. पंख दोन ठिकाणी मोडलाय, हा जन्मात उडणार नाही, असं म्हणाला. कुठल्या जातीचा ते त्यालाही सांगता आलं नाही. फार लळा लावू नका, म्हणाला.

कपाट अजून न्हाणीघराच्या दारातच आहे. सरकवायला गेले तर डाव्या खांद्यातून कळ आली. वय झालं, दुसरं काय. अंघोळीला तिरकं होऊन शिरते.

मंगळवार, ११

आज पट्टी सोडली. पक्ष्याने पंख पसरला, पूर्ण, आणि भिंतीवर जाऊन बसला. हाड पाच दिवसांत जुळत नाही. एकतीस वर्षांत मी तसं पाहिलेलं नाही.

माझा डावा हात उचलला जात नाही. खांद्यापासून लोंबतो. चहाचं पातेलं उजव्या हाताने उतरवलं, निम्मा चहा ओट्यावर. तो पुसायचाही कंटाळा आला. पक्षी पलीकडच्या बागेत जात नाही. भिंतीवरून माझ्याकडे मान तिरकी करून बघत बसतो.

शेजारीण आली होती. तिच्या पोटात तीळ भिजत नाही, त्यामुळे विचारावं लागलं नाही. आधी इथे एक मास्तर राहायचे. त्यांनीही असाच एक पक्षी त्याच टोपलीत जगवला म्हणे. मग मास्तर अंथरुणाला खिळले. बायको माहेराहून धावत आली, रात्रंदिवस शेजारी बसून यांचं दुखणं मला होऊ दे म्हणायची. आठवड्याने मास्तर आपल्या पायांनी चालत निघून गेले, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि बायकोला चौघांनी उचलून नेलं. एकेकाचं नशीब, असं म्हणून शेजारणीने माझा उरलेला चहा पिऊन टाकला.

बुधवार, १२

डावा पाय. सकाळी पलंगावरून उतरताना पाय खाली पडलाच नाही, मीच पडले. बोटं मिटली आहेत. सोडवली तरी परत मिटतात.

पक्षी दोन्ही पायांवर उभा आहे. खिडकीत.

तक्ता काढून पाहिला. डावा पंख, डावा पाय. माझ्याच अक्षरातला तक्ता, आता मलाच लागू पडतो. तिसरी नोंद आवाजाची.

दुपारी घाईने ताईला फोन लावला. येऊ नकोस एवढंच सांगायचं होतं, कारण ती आली की माझ्या उशाशी बसणार, आणि उशाशी बसली की ते वाक्य बोलणार. तिला दुसरं काही येतच नाही. तिने फोन उचलला. मी तोंड उघडलं—

बाहेर पक्षी ओरडला. पहिल्यांदाच.

ताई नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणाली, तू रडतेयस का, थांब, मी रविवारची वाट बघत नाही.

गुरुवार, १३

शेजारणीला चिठ्ठी लिहून दिली. माझ्या बहिणीला आत सोडू नका. तिने वाचली, माझी पाठ थोपटली. सख्ख्या बहिणींत अबोला बरा नव्हे, म्हणाली. तिनेच माझ्या फोनवरून ताईला घर कसं सापडेल ते सांगितलं.

थकले आहे. पडून राहते. हेच हवं होतं ना मला?

खरं लिहू का? सकाळपासून मनात एकच येतंय. ताई आली तर— नाही. नाही. तिने मला शाळेत बोट धरून नेलं. आईचे शेवटचे कपडे तिने धुतले, मी दमले होते म्हणून. तिला नाही.

मोठ्या अक्षरात कागद लिहून ठेवलाय. ते वाक्य बोलू नकोस. उशीवर ठेवलाय.

शुक्रवार, १४

फाटक वाजलं. ताईच.

कागद दिला. उलटसुलट करून पाहिला. डोळ्यांशी नेला. चष्मा—

घरी.

शेजारणीला हाक मार म्हणून खूण केली. तिला वाटलं पाणी हवंय. पाजलं. चमच्याने.

पक्षी खिडकीत. मान तिरकी. ऐकतोय.

ताई उशाशी बसली. कपाळावर हात. आईसारखाच. मी उजव्या हाताने तिचं तोंड दाबलं. तिने हात हळूच बाजूला केला. वेडाबाई म्हणाली. रडते आहे. लिही, लिहून मन मोकळं कर म्हणते. वही तिनेच परत हातात दिली—

ताई नको

ते वाक्य बोललीच.

माझा डावा हात तिच्या मांडीवर आहे. बोटांना ऊब लागते आहे. ताई आपला डावा खांदा चोळतेय, प्रवासाने अवघडला म्हणते. हात काढून घ्यायला हवा. आता येईल काढून घेता. पण ऊब— आणि मला, देवा, इतकं बरं वा—