सात नावांचं घड्याळ

११ डिसेंबर

नको म्हणजे नको! घड्याळ नको! आज वर्गात तीनदा ओरडून सांगितलं. कोणी ऐकलं असेल तर शपथ.

आमच्या शाळेत दहावीचा वर्ग जाताना शाळेला भेट देतो. आणि भेट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. दरवर्षी! हॉलच्या भिंतींवर नुसती घड्याळं लटकलीयत – प्रत्येकावर ‘सप्रेम भेट’, बॅचचं साल आणि मुलांची नावं. एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. शकुबाई मावशी घंटा देतात ती स्वतःच्या मोबाइलमध्ये बघून. मी म्हटलं, माइक देऊ, पुस्तकं देऊ, निदान मुलींच्या बाथरूमला कडी तरी देऊ. प्रितम म्हणतो, "कडीवर नावं कुठं टाकनार?" झालं, सगळे हसले. मॉनिटर मी आणि चालतं प्रितमचं.

सातच जण आहोत दहावीत. गावातली बाकी सगळी पोरं उलव्याच्या टॉवरमधल्या मोठ्या शाळेत जातात, टाय लावून. आम्ही उरलेले.

१३ डिसेंबर

भूगोलाच्या तासाला चार विमानं. विमान आलं की विलास सर वाक्य अर्ध्यात सोडून छताकडे बघत उभे राहतात. ते गेलं की विचारतात, "कुठे होतो आपण?" प्रितम म्हणाला, "सर, ब्राझीलमध्ये, पण आता दुबईला पोचलो." सर स्वतःच हसले. मुख्याध्यापकच असे, मग अभ्यास कसा होणार?

१९ डिसेंबर

सानपाड्याची माझी मावसबहीण गीतांजली, तीही दहावीत. तिच्या निरोप समारंभाला हॉल बुक केलाय. डीजे आहे. नववीच्या दोनशे मुलांनी मिळून डान्स बसवलाय.

आमच्याकडेही रीत तीच – नववीने दहावीला निरोप द्यायचा. फक्त आमच्या नववीत एकच मुलगी आहे. ईश्वरी. अख्खा वर्ग म्हणजे ईश्वरी! हजेरी घेताना सर म्हणतात, "नववी?" आणि ती म्हणते, "सगळे हजर!" मग स्वतःच खी खी हसते.

मला फार काही नकोय. आईची अबोली साडी नेसून खुर्चीत बसायचंय आणि कोणीतरी आम्हाला नीट निरोप द्यायचाय. दहा वर्षं या शाळेत सगळं आम्हीच केलं – झाडलं आम्ही, झेंडा लावला आम्ही, पाहुणे आले की चहाही आम्हीच दिला. एक दिवस तरी आमच्यासाठी कोणी काही करावं की नाही? आणि करणार कोण, तर ईश्वरी! संपलं.

६ जानेवारी

नववी गैरहजर. काल पण नव्हती. पूर्वपरीक्षा डोक्यावर, निरोपाची तयारी शून्य, आणि बाईसाहेब गायब.

९ जानेवारी

उगवली! दुपारी दीड वाजता. शाळा अकराची आणि ही दीड वाजता धापा टाकत येते. दप्तर नाही, पायात पांढरे बूट. आमच्या शाळेत काळे लागतात. मी झाप झाप झापलं. म्हटलं, "निरोप तू द्यायचायस ना? की आम्हीच आम्हाला देऊ?" तर म्हणते, "ताई, सगळं ठरलंय माझं. तू फक्त साडी नेस." वर सांगते, कार्यक्रम शनिवारीच ठेवायचा. मी म्हटलं शुक्रवार, शनिवारी अर्धा दिवस असतो. नाही! शनिवारच! हट्टी आहे मेली.

विलास सर समोर उभे होते. उशिरा आली म्हणून एक शब्द बोलले नाहीत. आम्ही पाच मिनिटं उशिरा आलो की मैदानाला फेरी. लाडकी आहे ना!

१४ जानेवारी

तिळगूळ घ्या, गोड बोला. मी ठरवलंय, निरोप होईपर्यंत गोड बोलणार नाही.

१६ जानेवारी

मेनू कळला. पोपटी! मी सँडविच आणि कोल्ड्रिंक म्हटलं होतं. ती म्हणते, "सँडविच काय, कुठेही मिळतं." शाळेच्या मागे मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे घालायचे, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उलटं करून भोवती जाळ लावायचा. प्रितम आणि बाकीची पोरं नाचायलाच लागली. अरे, निरोप समारंभ आहे की शेतावरची पार्टी? साड्यांमध्ये आम्ही धुरात उभ्या राहणार?

गीतांजलीला सांगितलंच नाही.

२० जानेवारी

हरले. घड्याळच! प्रितमच्या काकांची वाशीला ट्रॉफ्यांचं दुकान आहे, त्यांनी प्रिंट करूनसुद्धा आणलं. निळी तबकडी, वर ‘सप्रेम भेट’, मध्ये सात नावं. माझं नाव सगळ्यात खाली. मॉनिटर आहे मी!

हे सगळं चाललेलं असताना ईश्वरी आली, नेहमीसारखी दीड वाजता. घड्याळ हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, माझं पण नाव टाक ना यावर." मी म्हटलं, "तू काय दहावीत आहेस?" तर बोटाने दाखवते, "हे बघ, सहाच्या आकड्याखाली जागा आहे की. बारीक अक्षरात टाक." माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "पुढच्या वर्षी तू तुझं घड्याळ दे! अख्खी तबकडी तुझी. लिही हवं तेवढं मोठं नाव."

तिने घड्याळ परत ठेवलं. मग मडकं बघायला म्हणून मागे गेली. शकुबाई मावशी माझ्यावरच घसरल्या, "कनाला वरडतेस गो तिला? पोर धावत येते." मी म्हटलं, वेळेवर निघाली तर धावायला नको.

२७ जानेवारी

पूर्वपरीक्षा संपली. गणिताबद्दल लिहीत नाही.

३१ जानेवारी

झाला एकदाचा निरोप.

साडी छान बसली होती. आईने गजरा पण माळला. शाळेत पोचले तर दारात रांगोळी, आणि ईश्वरी एकटी उभी, हातात ताट. सातही जणांना ओवाळलं. मग तीच धावत स्टेजवर गेली आणि सूत्रसंचालन सुरू – "आता नववीच्या विद्यार्थिनी स्वागतगीत सादर करतील." म्हणून स्वतःच गायला उभी! गाणं संपवून परत माइकपाशी, "नववीच्या विद्यार्थिनींचे आभार." विलास सर रुमालात तोंड घालून हसत होते. मला हसायचं नव्हतं. पण हसले.

मग भाषण. "आम्ही नववीचे सर्व विद्यार्थी तुम्हाला कधीही विसरणार नाही..." प्रितम ओरडला, "सर्व म्हंजी किती?" हॉलमध्ये नुसता हशा. आणि ती तिथेच रडायला लागली. पुढचं भाषण झालंच नाही. कमाल आहे! निरोप आमचा, रडायचं आम्ही, आणि सगळं रडणं हिनेच करून टाकलं. फोटोत पण आम्ही मागे आणि मध्ये हिचं लाल नाक.

प्रत्येकाला एक पेन दिलं तिने आणि गुलाब. पोपटी मात्र... लिहायलाच हवं, एक नंबर होती. अंडी अशी वाफाळलेली! तीनदा घेतलं मी. साडीला धुराचा वास भरलाय. आईला वाटलं मी रडवेली झालेय ती साडीमुळे. "धूर लागला तं काय झाला? धुतली की जाईल." साडीमुळे नाही. कशामुळे ते मलाही नीट सांगता येत नाही. मला वाटलं होतं की आज काहीतरी मोठं होईल. एका मुलीने धावपळ केली, आम्ही शेंगा खाल्ल्या आणि घरी आलो. बस.

घड्याळ भिंतीवर लागलं. लगेच पाच मिनिटं मागे पडलं.

२० फेब्रुवारी

आज मराठीचा पेपर. पेपर बरा गेला. पण लिहायचंय ते दुसरंच.

आमचं केंद्र उलव्याच्या त्या मोठ्या शाळेत. गेटावर ही गर्दी. वर्गखोल्या दाखवायला त्यांची पाच-सहा मुलं उभी – टाय, पट्टा, पांढरे बूट. त्यातली एक आमच्याकडे धावत आली. "ताई! तुम्ही सगळे दुसरा मजला, मी बघून आलेय. चला."

ईश्वरी. टाय लावून!

प्रितमने विचारलं, "तू इथं काय करतेस?" तर म्हणाली, इथेच शिकते, पाच जानेवारीपासून. सकाळची शाळा. साडेबाराला सुटते, शनिवारी सुट्टी. विलास सरांनीच तिच्या बाबांना सांगितलं होतं – एका मुलीसाठी दहावीचा वर्ग चालणार नाही, आत्ताच हलवा, म्हणजे तिला अवघड जाणार नाही.

मी विचारलं, "मग रोज दुपारी गणवेश बदलून यायचीस?"

"बूट बदलायला वेळ नसायचा," म्हणाली आणि हसली.

मी म्हटलं, "सांगायचं नाही का, गधडे?"

"सांगितलं असतं तर मी नववीत नसते ना, ताई. मग तुम्हाला निरोप कोणी दिला असता?"

तेवढ्यात घंटा झाली. तिथे घंटा पण मशीनची. जिन्यावरून तिने ओरडून सांगितलं, "पेन आणलंय ना मी दिलेलं?" आणलं होतं. त्यानेच पेपर लिहिला. पहिलं पान लिहिताना अक्षरं नीट दिसत नव्हती. पर्यवेक्षक बाईंना वाटलं पेपर अवघड आहे, पाणी आणून दिलं.

पुढच्या वर्षी तू तुझं घड्याळ दे. हे मी तिला म्हटलं. मी!

२२ फेब्रुवारी, रविवार

शकुबाई मावशींनी हॉल उघडून दिला. सातही जण आलो. प्रितमने घड्याळ उतरवलं, काच काढली. सहाच्या खाली मी मार्करने लिहिलं – ईश्वरी. बारीक नाही, मोठं.

परत टांगलं नाही. पुढच्या पेपरला जाताना तिच्यासाठी नेणार. ओवाळायचं ताट मावशी देणार आहेत. शाळेकडे घड्याळं पुष्कळ आहेत.