म्युनिकचा नमस्कार

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार. सकाळी ११
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी पडली होती. तिथे जर्मन सुरू केलं. निश्चय : नातीच्या बाप्तिस्म्याला म्युनिकला जाऊ तेव्हा तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत नमस्कार करायचा. तारीख आमच्या मुलाने, लॉयडने, अजून कळवलेली नाही. नोकरी, बायको, चार महिन्यांचं बाळ, कधी कळवणार बिचारा. बोलावणं येईलच. आजीशिवाय बाप्तिस्मा होतो का कुठे?
क्लास लावणार नाही. शेजारच्या मृणालिनीची अस्मिता पुढच्या वर्षी जर्मनीला शिकायला जाणार आहे, ती शिकवेल. फी म्हणून केळ्याचा केक. जास्त पिकलेली केळीही संपतील.

६ सप्टेंबर, शनिवार
अस्मिता म्हणाली, आंटी, तिकडे प्रत्येक भागाचा नमस्कार वेगळा. म्युनिकला ‘ग्र्यूस गॉट’, स्वित्झर्लंडला ‘ग्र्युएत्सी’, वर हॅम्बुर्गला ‘मॉइन’. ग्र्यूस गॉटमध्ये गॉट म्हणजे देव. साध्या नमस्कारातही देव! लॉयडला देवबापाने बरोबर गावात नेऊन ठेवलंय. बाकीचे शब्द खोडले. सून आन्के हॅम्बुर्गची आहे खरी, पण नांदते म्युनिकला. हॅम्बुर्गचं आपल्याला काय करायचंय? उगाच पान अडतं.

८ सप्टेंबर, सोमवार. मारियामातेचा जन्मदिवस
माझ्या लग्नाच्या गाऊनमधून बाळाचा झबला शिवून झाला. लेस जुनीच, उकळून पांढरी केली. आज कुरियरने म्युनिकला रवाना. रुवैसहून ह्यांचा फोन होता. तिथल्या रिफायनरीत शिफ्ट असते, शुक्रवारी इथे शारजाला घरी येतात. पार्सलची एवढी घाई कशाला, म्हणाले. पुरुषांना बाप्तिस्म्यातलं काय कळतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
चर्चमधल्या मिसाहून येताना लिफ्टमध्ये वॉचमन मुश्ताकला ग्र्यूस गॉट म्हटलं. तो म्हणाला, वालेकुम सलाम. म्हणजे उच्चार जमलाय. देवाचा शब्द कुणालाही कळतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी २
कुरियरवाल्यांचा मेसेज : ‘या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही, पार्सल परत येत आहे.’ कमाल आहे. सहा वर्षं तोच पत्ता. तीन वेळा फोन करून तक्रार केली. तिथली रिद्धी नावाची मुलगी गोड बोलत होती, पण पत्ता वाचता येत नसणार. हे जेवत होते. मी एवढी ओरडत असताना मान वर केली नाही. रस्सा तिखट झाला असावा.

२३ सप्टेंबर, मंगळवार
लॉयडच्या फोनला एकोणतीस दिवस झाले. इथे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही म्हणून. मेसेज लागतो, पण त्याला टायपिंगचा कंटाळा, लहानपणापासून.
लहानपणी संध्याकाळची रोझरी संपली की हात जोडून आशीर्वाद मागायचा. वसईची आमची रीत. शारजात वाढला पण विसरला नाही. म्युनिकला गेल्यावरही पहिली दोन वर्षं फोनवर मागायचा.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४
आज विहीणबाईंचा वाढदिवस. बाळ सांभाळायला म्युनिकलाच असणार, लॉयडने मे महिन्यात सांगितलं होतं की त्या सोबत आहेत. जर्मन नमस्काराचं सरप्राइज द्यायचं ठरवलं. अस्मिताने व्हिडिओ मीटिंगची लिंक पाठवली आहे, विहीणबाईंनी हो म्हटलंय. सणासुदीची पाटलाण साडी नेसणार नाही, साधी इस्त्रीची साडी. पाच वाजता.

त्याच दिवशी, सव्वासहा
अस्मिता लॅपटॉप लावून शेजारी बसली, विहीणबाई स्क्रीनवर आल्या. मी तोंड उघडणार तोच त्यांच्या मागचं दार उघडलं आणि लॉयड आत आला. बाळ पोटाला बांधलेलं. स्क्रीनकडे न बघता त्यांना म्हणाला, ‘मॉइन, ममा.’
मी म्हटलं, ‘ग्र्यूस गॉट, बाबू.’
तो जागीच थांबला. विहीणबाई हसून इंग्लिशमध्ये म्हणाल्या, ते खाली म्युनिकला म्हणतात, इथे हॅम्बुर्गला नाही. मुलं फेब्रुवारीपासून आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, तुम्हाला माहीतच असेल.
मी म्हटलं, हो तर.
लॉयड बसला. सांगणार होतो मम्मी, म्हणाला, राहून गेलं. मी बाप्तिस्म्याचं विचारलं. जुलैत झाला. ‘छोटासाच केला मम्मी. जस्ट फॅमिली.’
अस्मिता उठून पाणी आणायला गेली. मी पाणी मागितलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार
विचार केला तर त्यात काही नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, आपल्याकडेही हेच. जावई बरोबर गेला एवढंच. आणि जुलैत तिकिटं महाग असतात. पोराने आमचा खर्च वाचवला. माझ्यावर गेलाय.
केक केला नाही. केळी काळी पडली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
ह्यांची शिफ्ट बदलली, या आठवड्यात येणार नाहीत. पार्सल मात्र आलं. अस्मिताने फोटोवरून अंदाज केला, झबला आता बाळाला लहान होईल. नाताळच्या गोठ्यातल्या बाळ येशूला घालून बघितला. त्याला मोठा होतो. परत घडी केली.

४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७
नवा निश्चय : मॉइन. खोडलेला शब्द परत लिहिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच शब्द चालतो. काटकसरी गाव दिसतंय. त्यात देव नाही, पण देवाला कुठे नेमका पत्ता लागतो. पुढच्या फोनला लॉयड ऐकतच राहील.
वीस वेळा म्हटला. रोझरी झाली आणि बरोबर फोन वाजला. नंबर न बघता उचलला, म्हटलं, ‘मॉइन.’
रुवैसहून हे होते. म्हणाले, ‘मला माहीत होतं, सुझी. फेब्रुवारीपासून.’
मी विचारलं, जेवलात का.