आण्णांच्या धुमासाठी खोका

१८ नोव्हें.
शिवऱ्याहून टेम्पोत स्पीकरचा खोका आला. दिसायला झकास. टेप लावला आन् डोकंच फिरलं. मी मापं दिली आतली, मिस्त्रीनं धरली बाहेरची. फोनवर म्हणतो, "कपाट बाहेरूनच मोजत्यात की ओ!" अरे, पण हे कपाट हाय का? कागदावर 'आतलं माप' लिवायचं मलाच सुचलं न्हाई, ती अक्कल माझी. प्लायची जाडी सगळीकडनं आत गेली. हवा कमी, म्हणजे बासचा सूर चढणार. लॅपटॉपवर बसून बसून काढलेला आलेख चुलीत.

२० नोव्हें.
प्रोग्राममधे नवी मापं टाकली. खोका लहान तर सूर उतरवायला हवेचा पाइप लांब पाहिजे. लांब घेतला तर मागच्या फळीला टेकतोय. दुकान लवकर बंद केलं, नसरापुरातनंच एल्बो घेतला, पाइप वळवून बसवला. वाजवलं. बास कुठला, नुसतं फुस्स. सुरेखा हसून बेजार. "म्हशीनं वारा सोडला का काय?" वर टोमणा, "भात झोडायचा पडलाय, आन् धनी पाइप कापत्यात." बोलायला काय जातंय हिचं.

२१ नोव्हें.
आण्णांनी विचारलं, "कवा व्हनार?"
दिवाळीपासनं भजनाला जात न्हाईत. पखवाजाची उजवी बाजू थोडी ऐकू येते, डावीकडचा धूम अजिबात न्हाई. कानाचं मशीन घेतलं तर "माशी शिरल्यागत व्हतंय" म्हणून काढून ठेवलं. त्या दिवशी ठेका चुकला आन् मंडळीतलं कोणतरी हसलं. आण्णा पखवाज तिथंच ठेवून उठले.
मीच बापापुढं फुशारकी मारली. पखवाजाला माइक लावतो, तुमच्या खाली खोका ठेवतो, धूम अंगातनं कळंल. म्हणाले, "कळला तर एकादशीला वाजवीन. न्हाईतर पखवाज देवळात देऊन टाक." एकादशीला वेल्ह्याकडची मंडळी पण येणार. बोलून बसलोय.

२४ नोव्हें.
गादीवाल्याकडचा कापूस आत भरला. त्यानं हवा जास्त असल्यागत होतं म्हणे. थोडा उतरला बास, पण पाइपचा दमच गेला. आण्णांनी फळीवर तळवा ठेवला. "चढलाय अजून."
माहितीये मला! ग्राफमधे पण दिसतंय. कापूस काढला. नाकातोंडात गेला नुसता. आज काय नको.

२६ नोव्हें.
दुकानातनं आलो, बघतो तर स्पीकरच्या मधोमध कणीक. धुमाचा सूर उतरवायला लावतात तशी, ओली, गोल, कडा बोटानं दाबलेल्या. आण्णा शेजारीच, हात पिठाचे. "उतरवलाय बघ."
कागदी कोन तो! पाणी पिऊन लिबलिबीत. ओरडलो. लई ओरडलो. त्यांना शब्द कळले नसतील, पण माझं तोंड दिसत होतं. "चुकलं का?" एवढंच म्हणाले. जेवले न्हाईत. सुरेखा माझ्याशी बोलत न्हाई. शरम वाटतीय आन् राग पण जात न्हाई.

२७ नोव्हें.
कणीक खरवडायला बसलो तर कागदच निघायला लागला. अर्धी तशीच ठेवली. किती बिघडलंय बघावं म्हणून आण्णांच्याच जुन्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. खर्र खर्र. आतली कॉइल घासतीय. नवा स्पीकर मागवला तरी एकादशीच्या आत येत न्हाई.
बंद करणार तेवढ्यात आण्णा आले. खोक्यावरच मांडी घातली. "थांब." डोळे मिटले. डावा हात मांडीवर पडायला लागला, बरोबर समेवर. पुढचं भजन लागलं, तरी समेवरच. मला तर खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांना ती ऐकूच येत न्हाई.
"आता कळतोय. एकादशीला हाच न्यायचा."
हो म्हणून मान हलवली मी. देवळात बाकीच्यांचे कान शाबूत हायेत, हे त्यांना कसं सांगू?