मागच्या चाकांचे ब्रेक

लोहारा, यवतमाळ
दि. १२ जानेवारी २०२५

चि. उर्वशीस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहो. तुह्या आईचे गुडघे थंडीनं धरतात, पण ती कबूल करत नाही. तुहा फोन आला की ती आत जाऊन बोलते आन् बाहेर येऊन मले फक्त मान हलवून सांगते की पोरगी बरी आहे. माह्या कानाचं तुले माहीतच आहे. चाळीस वर्षं गाड्यांचा पत्रा ठोकला, त्यात दोन्ही गेले; उजव्यात कोणी तोंड लावून ओरडलं तं तेवढं येते. म्हणून पुन्हा कागद घेतला. तू हॉस्टेलात होती तेव्हा लिहीत होतो, तसंच समज.

एक कामाचं विचारतो. तुह्या भावाची गाडी उभी झाली. आठ महिने लागले. उजवा दरवाजा, त्याचा खांब, छत, सारं मी एकट्यानं सरळ केलं. रंगही दिला. आता एकच राह्यलं. मागच्या चाकांले ड्रम ब्रेक आहेत, ते काढून डिस्क बसवून राह्यलो. याच गाडीच्या महागड्या मॉडेलले मागं डिस्क येते. तिचा सेट नागपूरच्या भंगारातून सांगून ठेवला आहे. शेजारचा अमर त्याच्या टेम्पोत घेऊन येणार आहे.

तू पुण्याले दिवसभर ब्रेकच तपासते, म्हणून तुले विचारतो. फक्त मागचं बदललं तं चालते काय, का पुढचंही काही बदलावं लागते? सारं खुलासेवार लिही.

आईले यातलं काही विचारू नको. ती त्या गाडीकडं पाहत नाही.

उत्तर लवकर दे. माया आहे तशीच राहू दे.

तुहा बाप,
देवराव

---

पुणे
दि. २० जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम. आईला नमस्कार सांगा.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर पाहून आधी नुसतं पाकीटच हातात धरून बसले. आमच्याकडे एका ब्रेकसाठी बारा जण आठवडाभर तक्ते भरतात, आणि तुम्ही चाकावर तळहात ठेवून सांगता की ब्रेकचं लायनर डावीकडे घासतंय. हे इथे सांगितलं तर साहेब तुम्हालाच नोकरीवर घेतील आणि मला घरी पाठवतील.

पण हे काम करू नका. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात. त्या हलक्या चाकांना जास्त जोराचा ब्रेक दिला तर ती पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी फिरते. कंपनी मागे डिस्क देते तेव्हा दोन्हीकडे किती दाब जाईल याचा सगळा हिशोब नव्याने बसवते. ते भंगारातल्या सेटबरोबर येत नाही. थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात. आपल्या गाडीला मागचे ड्रम पुरेसे आहेत.

बाबा, हे तुम्हाला ठाऊक नाही असं मला वाटत नाही. मग हा हट्ट कशाला? आईला मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं की तुम्ही दुपारचा डबा त्या गाडीत बसून खाता, दारं लावून. सांगताना तिचा आवाज बदलला. रोशन गेल्यापासून घरात कोणी त्याचं नावही घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. तुमच्या अख्ख्या पत्रातही ते नाही.

जे असेल ते मला लिहा. तुमच्या पत्राकडे डोळे लावून आहे.

तुमची,
उर्वशी

---

लोहारा
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वशीस,
सप्रेम जय भीम.

तुहं ऐकलं नाही. डिस्क बसवल्या. आज रविवार, कारखाने बंद, म्हणून सकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली. साठावर नेली आन् पाय दाबला. तू लिहिलं होतं तसंच झालं. मागची चाकं जाम झाली, गाडी गर्रकन फिरली आन् आल्या रस्त्याकडं तोंड करून उभी राह्यली. नाली हातभरावर होती. मले काही लागलं नाही. तिथंच बसून ठरवलं की आता तुले सांगून टाकावं. तुह्या आईलेही हे सांगतलं नाही.

रोशन गेला त्याच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी माह्याकडं आणली होती. मागचे लायनर मी नवीन टाकले. ड्रम उघडला तेव्हा डाव्या चाकाचा ब्रेक सिलेंडर ओला दिसला. ब्रेकचं तेल बारीक झिरपत होतं. नवा सिलेंडर कुठं भेटला नाही, दोन दिवसांनी येणार होता. रोशनले सकाळी दवाखान्यातून सुटलेला मारेगावचा पेशंट घरी पोचवायचा होता. मी तेल पुसलं, ड्रम लावून टाकला आन् म्हटलं, दोन दिवसांत काही होत नाही. तो म्हणे, तुमी पाह्यलं नं, मंग झालं.

एवढंच बोलून गेला.

पोलिसांचं पाकीट आलं ते मी उघडलं नाही. बेअरिंगच्या खोक्यांमागं ठेवून देलं. त्यात डाव्या चाकाचं लिहिलं असन, ही भीती. आता बंद ड्रम दिसला की मले आत तेल झिरपताना दिसते. डिस्क उघडी असते बाई. चाकातून वाकून पाह्यलं तरी समजते. तिच्यात झाकून काही ठेवता येत नाही. तू विचारलं की हट्ट काहून, त्याचं उत्तर हे आहे.

राग आला तं लिहून टाक, मनात ठेवू नको. पण लिहिणं बंद करू नको.

तुहा,
देवराव

---

पुणे
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन बसले. सव्वा वर्ष तुम्ही हे एकट्याने सोसलं आणि मला कळलंही नाही.

त्या पाकिटातल्या कागदांची एक प्रत माझ्याकडे आहे. ठाण्यात सही मीच केली होती. तुम्ही ते वाचलं असेल असं मी धरून चालले. तुम्ही कधी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. ही चूक माझी. आता ऐका. गाडी तपासणाऱ्या निरीक्षकाने लिहिलं आहे ते जसंच्या तसं उतरवते:

‘मागील डाव्या चाकाच्या सिलेंडरवर किंचित ओल आढळली. ब्रेकच्या कार्यक्षमतेवर परिणाम नाही. रस्त्यावर चारही चाकांच्या घसटीच्या खुणा, लांबी एकोणीस मीटर. चालकाने सीट बेल्ट लावलेला होता.’

ओल होती. ते मी लपवत नाही. पण चारही चाकांच्या खुणा आहेत, डाव्या मागच्या चाकाचीसुद्धा. म्हणजे त्या चाकाने रस्ता धरला होता. हे मी तुमची मुलगी म्हणून लिहीत नाही. असल्या खुणा मोजणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हा कागद मी शंभरदा मोजून पाहिला आहे. तुमचे ब्रेक लागले, बाबा. थांबायला जागाच नव्हती.

पंचनाम्यात आहे ते असं. पेशंटला सोडून रोशन एकटाच परत येत होता. जवळच्या तांड्यावरचे धावजी नावाचे म्हातारे चाऱ्याचा भारा घेऊन सायकलवर डावीकडच्या पायवाटेने एकदम रस्त्यावर आले. भाऱ्यामुळे त्यांना बाजूचं दिसत नव्हतं. रोशनने ब्रेक दाबला आणि त्यांना वाचवायला गाडी उजवीकडे घातली. तिकडे झाड होतं. ते त्याच्याच दारावर आलं. धावजींना खरचटलंसुद्धा नाही.

हे आईला वाचून दाखवा. आणि त्या डिस्क आधी काढा. मला एकच बाप आहे.

तुमच्या मायेची,
उर्वशी

---

लोहारा
दि. २ मार्च २०२५

चि. उर्वशीस,
सप्रेम जय भीम व पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं आन् ते पाकीटही खाली काढलं. तू लिहिलं तसंच आहे. मले वाटलं होतं, असं काही निघालं तं छातीवरचा दगड उतरन. तसं झालं नाही. चूक माही होती तोवर हाताले काम होतं. रोज उठून त्या चाकाशी भांडत होतो. आता कोणाशी भांडू? पाना हातात घेऊन दिवसभर बसलो आन् काय दुरुस्त करावं ते समजे ना. आता नुसता रोशन नाही, एवढंच राह्यलं.

संध्याकाळी तुह्या आईले सारं वाचून दाखवलं. ओल्या सिलेंडरचंही सांगतलं. मंग तिनं माह्याशी बोलायच्या पाटीवर लिहिलं की त्या पेशंटले पोचवून दे असं तिनंच रोशनले म्हटलं होतं, आन् त्यामुळं मी तिच्याशी बोलत नाही असं तिले वाटत होतं. पाह्य, एका घरात दोघं जण काय काय घेऊन बसलो होतो.

डिस्क काढल्या. जुने ड्रम साफ करून बसवले, दोन्हीकडं नवे सिलेंडर टाकले. मोकळ्या रस्त्यावर दहादा ब्रेक दाबून पाह्यला. गाडी सरळ थांबते. तू काळजी करू नको.

आज सकाळी तुही आई लुगडं बदलून आली आन् गाडीत माह्या बाजूले बसली. हातानं मारेगावकडं खूण केली. मी काही विचारलं नाही. पांढरकवड्यापर्यंत ती डोळे मिटून होती. करंजी गेल्यावर उघडले.

झाडाची साल निघाली होती तिथं आता भरत आली आहे. तांड्यावर विचारलं तं धावजीचं घर लगेच दाखवलं. आम्ही कोण ते समजल्यावर त्याची बायको रुपीबाई दारातच खाली बसली. धावजीनं तेव्हापासून सायकल धरली नाही. त्यानं आम्हाले त्या झाडापाशी नेलं. तो बोलत होता आन् मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो, पण त्याले दात नाहीत, ओठावरून काही समजे ना. तुही आई ऐकत होती. एकदम तिनं माहा दंड धरला.

मी विचारलं, काय म्हणते? ती सांगे ना. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं माह्या उजव्या कानाले तोंड लावलं आन् जोरानं सांगतलं की रोशन घडीभर शुद्धीवर होता. धावजी खिडकीशी गेला तं त्यानं एकच विचारलं. ते तिनं त्याच्याच शब्दात म्हटलं, एवढ्या मोठ्यानं की वावरातल्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या:

“बाबा, तुमाले लागलं तं नाही नं?”

मले ऐकू आलं, उर्वशी. सव्वा वर्षानं त्याचं बोलणं मले ऐकू आलं.

धावजीनंही ते ऐकलं. त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती. तो त्या झाडाकडं तोंड करून नाही, नाही म्हणून मान हलवत राह्यला.

जपून राह्य बेटा. सुट्टी भेटली की ये, तुही आई वाट पाहते. मीही पाहतो.

तुहा बाबा,
देवराव