लेकीच्या गाण्यातला श्वास

निमोणे, मंगळवार संध्याकाळ

सकाळी झेंडू तोडताना स्वातीच्या पंक बँडचा नवा अल्बम ऐकला. अजून बाहेर आलेला नाही, लेकीनं आधी मलाच पाठवलाय. पहिला अल्बम इकडं वरवंडच्या वरातींतही वाजला. हा तसा नाही, काळोखा आहे. एका गाण्यात ती ओरडता ओरडता थांबते, वाद्यंही थांबतात आणि नुसता तिचा श्वास ऐकू येतो. आमच्या भजनात बुवांचा दम सरला की टाळकरी ओळ उचलतात. इथं कुणीच का उचलत नाही?

अल्बम काढणारी कंपनी म्हणते, तिथं ड्रम भरा, नाहीतर गाणं काढून टाका. आज स्वातीला कंपनीला उत्तर कळवायचंय. आणि पोरीनं विचारलं कुणाला, तर मला!

"भरू द्या की ढोल," स्वातीची आई म्हणाली. "गाजलेलं नाव घालवती का काय?"

मीही तेच सांगणार होतो. पण देवापुढं बसलो तरी तो श्वास कानातून जाईना. एवढं गाजल्यावर इतकी एकटी पडली होती का पोर?

शेवटी फोन केला.

"अण्णा, पूर्ण ऐकलंत? शिव्या हायेत त्यात."

"ऐकल्या. दोन तर मलाबी नव्या होत्या."

ती हसली. मग सांगून टाकलं, "तिथं काही भरू नको. श्वास तसाच राहू दे, तोच खरा हाय."