बारा जूनच्या आधी

डार्मश्टाट,
रविवार, २८ मे १९६१

प्रिय मालिनी,

तुझं अठरा तारखेचं पत्र गुरुवारी दुपारी मिळालं. सुधाचा खोकला गेला, विहिरीला अजून पाणी आहे आणि आंब्याची अढी तू एकटीने लावलीस, हे वाचून जीव निवला. पत्राच्या शेवटी मात्र तू एक प्रश्न घालून ठेवला आहेस, आणि तीन दिवस तो माझ्या कोटाच्या खिशात टोचतो आहे. “अहो, पाचवीची एक तुकडी नव्या शाळेकडे जाणार आणि जूनमध्ये आपल्यातला एक शिक्षक कमी होणार, असं सगळे बोलतायत. दत्तात्रयराव तर तुमच्या जागी चार्ज घेतल्यापासून तोंडात गुळणी धरून बसलेत. बायका मला विचारतात, हेडमास्तरीणबाईंना ठाऊक नसेल तर कुणाला असणार? तुम्हाला ठाऊक आहे का, कोण ते?” ठाऊक आहे. सांगणार आहे, ह्याच पत्रात. पण माझी सवय तुला माहीत आहे, जरा वळसा घेऊन येतो. तू मध्येच शेवटचं पान उलटून बघू नकोस.

इकडे हवा आता माणसात आली आहे. झाडं हिरवीगार झाली, ट्रॅमच्या खिडक्या उघडल्या. लढाईत पडलेल्या घरांच्या भिंती अजून मधेमधे उभ्या आहेत, त्यांच्यावरही पिवळी फुलं आली आहेत. माझ्या घरमालकीणबाई, फ्राउ हाइनत्स, सध्या रोज एक पांढरी काठीसारखी भाजी उकडून वाढतात आणि मी तारीफ करेपर्यंत समोरून हलत नाहीत. ह्या बाईंनी मला पहिल्या महिन्यात एकदा जिन्यातच गाठून झापलं होतं. मी जेवायला उशिरा आलो आणि आधी सांगितलं नव्हतं, एवढाच गुन्हा. त्यांच्या त्या फैरीत एक शब्द चारदा आला, “बेशाइट.” माझे कान तुला ठाऊक आहेत, अर्थ कळला नाही तरी नाद धरून ठेवतात. वर जाऊन सुधीरला विचारलं. सुधीर म्हणजे वरच्या खोलीतला आपला पुण्याचा मुलगा, इथल्या टेक्निकल कॉलेजात डॉक्टरेट करतो. तो हसला. म्हणाला, “काका, बेशाइट द्यायचा म्हणजे समोरच्याला वेळेवर सांगून ठेवायचं. आणि कचेरीतून निकालाचा कागद येतो ना, त्यालाही बेशाइटच म्हणतात.” मी म्हटलं, वा, म्हणजे निकाल आणि कळवणं ह्यांना एकच शब्द! आपल्याकडे ह्या दोहोंच्या मध्ये निदान एक उन्हाळ्याची सुट्टी असते.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. तो शब्द अंगावर आला तो एप्रिलमध्ये.

इथलं शाळेचं वर्ष ईस्टरच्या सुट्टीनंतर सुरू होतं. मी ज्या धंदेशिक्षणाच्या शाळेत सरकारी योजनेतून शिकाऊ हेडमास्तर म्हणून बसतो, तिथले डायरेक्टर हेर क्रेमर (हेर म्हणजे इकडचं श्रीयुत) साठीला आलेले आहेत, आणि लढाईपासून डाव्या कानाने ठार बहिरे. त्यांच्याशी सगळेच ओरडून बोलतात आणि तेही सगळ्यांशी ओरडूनच. कुजबुज त्या इमारतीत जगूच शकत नाही. वर्ष सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी सर्व शिक्षकांची बैठक घेतली. लांब टेबल, कॉफीच्या किटल्या, वर भुरभुरीत गोड चुरा टाकलेल्या केकचे ट्रे. मी आणि माझा दुभाषा सुधीर मागे बसलो. डायरेक्टरसाहेबांनी एक कागद काढला आणि सुरुवात केली ती “मी”पासून. मी हे ठरवलं, मला हे जमलं नाही, अमुक गोष्ट मी चुकीची केली होती. मला आपलं नोटीसबुक आठवलं. “सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की.” कोण कळवतो त्याचा पत्ता नाही. जणू नोटीस छपरातून गळली.

मग ते म्हणाले की सुतारकामाला ह्या वर्षी उमेदवार फार कमी आले, म्हणून शरद ऋतूपासून हेर लोट्स ह्यांची जागा राहणार नाही. पुढचं वाक्य मला सुधीरविनाच कळलं. हेर लोट्सना बेशाइट आहे. तीन आठवड्यांपूर्वी डायरेक्टर स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगून आले होते. मी मान वळवून बघितलं तर हेर लोट्स केकचा ट्रे पुढे सरकवत होते! मग त्यांनी विचारलं, “माझी हत्यारांची कपाटं कोण घेणार? किल्ली ऐऱ्यागैऱ्याला द्यायची नाही मला.” एक जण हसला. दुसरा म्हणाला, “तू कसला जातोस? माझे शनिवारचे दोन तास घे.” तिसऱ्या एका बाई म्हणाल्या, “माझ्याही वर्गाचे दोन घ्या, मला गुडघ्याने तसंही जमत नाही.” अर्ध्या तासात त्या माणसाची सगळी नसली तरी निम्मी नोकरी टेबलावर गोळा झाली. कुणी भाषण केलं नाही.

बैठक संपल्यावर मी डायरेक्टरसाहेबांच्या उजव्या बाजूला गेलो आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं की आधी घरी जाऊन का सांगितलंत? ते ओरडले, “मग आणखी कसं सांगतात?” त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. ते खरोखरच विचारत होते. आणि मला सांगता येईना, मालिनी, की आम्ही कसं सांगतो.

आता एक गोष्ट, जी लग्नाच्या इतक्या वर्षांत तुझ्यापुढे कधी काढली नाही. मी सोळाव्या वर्षी आपल्या शाळेत घंटा वाजवायला लागलो हे तुला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे, सत्काराच्या भाषणात ते येतंच. पण शिपाई असताना मी काय शिकलो ते कुठल्याच भाषणात येत नाही. नोटीसबुक घेऊन मी वर्गावर्गात फिरायचो. मास्तर लोक फळ्याकडे तोंड करून सही ठोकायचे, वाचायचं नाव नाही. वाचायचो मी. आणि वाचून जे उरायचं ते दारातून ऐकायचो. शिपायाला कुणी काही सांगत नाही, म्हणून त्याला सगळं ऐकावं लागतं. कोणाची बदली, कोणावर खप्पा मर्जी, कोणाचा अर्ज कुठे अडला, ते त्या त्या माणसाच्या आठ दिवस आधी मला कळायचं. दुसऱ्याच्या नशिबातलं पान आपण आधी वाचलंय, ह्याची चव एकदा लागली की सुटत नाही. पुढे मॅट्रिक झालो, मास्तर झालो, हेडमास्तर झालो, ती चव तशीच राहिली. मी स्वतःला समजावत आलो की गुप्तता ही खुर्चीची शिस्त आहे. घरी तुला काही सांगायचं नाही, लोक म्हणतील नवराबायको शाळा चालवतात. तू किती वर्षं माझ्याकडून एक अक्षर न काढता दुसऱ्या दिवशी इतरांसारखीच नोटीसबुकावर सही केलीस. तीही वाचून! वाचून सही करणारी आपल्या शाळेत तू एकटी.

जिल्ह्याच्या कचेरीचं पत्र जानेवारीत आलं होतं. जूनपासून एक तुकडी कमी, एक शिक्षक जादा. सर्व्हिसमध्ये जो सर्वात कनिष्ठ, त्याला कमी करायचं, तरी हेडमास्तरांनी यादी पाठवावी. मी निघायच्या आदल्या दिवशी यादी स्वतःच्या हाताने लिहिली, पाठवली, नक्कल दत्तात्रयरावांकडे दिली आणि बजावलं की हुकूम बारा जूनच्या पहिल्या बैठकीत वाचायचा, तोवर अवाक्षर नाही. तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. ती गुळणी मीच भरवून आलो.

यादीत शेवटचे दोघे एकाच दिवशी लागलेले आहेत, चौदा जून चोपन्न. एक भास्कर, गणिताचा. दुसरी तू. आणि मी तेरावा नंबर भास्करला दिला, चौदावा तुला.

पत्र खाली ठेवलं असशील तर उचल. अजून पूर्ण सांगून झालं नाही, आणि वाईट भाग पुढेच आहे. तारीख एक असेल तर वयाने मोठा तो वरचा, असा साधा नियम आहे. मला तोंडपाठ आहे. भास्करपेक्षा तू पाच महिन्यांनी मोठी आहेस. मी मुद्दाम जुनं मस्टर काढलं. त्या दिवशी त्याची सही वर आहे, तुझी खाली. त्या सहीच्या क्रमाने मी यादी लावली आणि ‘नोंदीप्रमाणे’ असा शेरा मारला. तुझी सही खाली का आहे तेही मला आठवत होतं. कमिटीचे लोक आले होते, आणि मी तुला, नोकरीच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “मालिनीबाई, चहाचं तेवढं बघा.” तू परत येईपर्यंत भास्करची सही वाळली होती. सात वर्षांनी त्या चहाचा मी पुरावा केला.

का केलं? भास्करला तीन लेकरं आहेत, आपलं एका पगारावर भागेल, असं मनाशी म्हटलं. बाईमाणसाचं वय चारचौघांत कशाला काढायचं, इतकं हास्यास्पदही म्हटलं. ही सगळी मागाहून चिकटवलेली कारणं. खरं एवढंच की हेडमास्तरने बायकोला ठेवलं आणि भास्करला घालवलं, असं कोणी म्हणू नये. बायकोचीही गय केली नाही, असं म्हणावं. घंटा वाजवणाऱ्या पोराला नाव फार जपावं लागतं, मालिनी. पण ते तुझ्या खर्चाने जपायला मला कुणी सांगितलं नव्हतं. सुधाला मांडीवर घेऊन तू शिक्षकाची एस.टी.सी. परीक्षा दिलीस. सातवीच्या मुली तुझ्या तासाला डबे बंद करून बसतात, दारातून मी ते कितीदा ऐकलं आहे. ती नोकरी तुझी होती. मी ती माझ्या खिशातली असल्यासारखी उचलून दिली, आणि तुला निघताना काय सांगितलं, तर बंब वेळेवर तापव.

सोबत दुसरा कागद आहे तो जपून काढ. कचेरीला लिहिलेलं माझ्या सहीचं निवेदन आहे. यादीचा क्रम मी जाणूनबुजून चुकवला, नियमाप्रमाणे मालिनीबाई तेराव्या, असं त्यात सरळ “मी” घालून लिहिलं आहे. हे पाकीट तुला चार-पाच तारखेला मिळेल, हुकूम वाचला जायला त्यानंतर आठवडा राहतो. कागद मी थेट कचेरीकडे पाठवू शकत होतो, कालपर्यंत पाकिटावर तोच पत्ता होता. मग लक्षात आलं की तसं केलं तर पुन्हा तुझं मीच ठरवणार, आणि तुला पुन्हा बारा तारखेला कळणार. म्हणून हे पत्र. कागद पाठव किंवा फाड, दोन्हीला माझी हरकत नाही, आणि कोणी विचारलंच तर हे पत्रही खुशाल दाखव. पाठवायचं ठरवलंस तर मात्र आधी भास्करच्या घरी जा. त्याच्या बायकोसमोर बसून सांग, मग पोस्टात टाक. तो चिडेल. त्याला माझा इथला पत्ता दे. कदाचित तुम्ही दोघं मिळून दत्तात्रयरावांपुढे काही तिसरंच मांडाल. ते मला इथून दिसत नाही, आणि दिसावं असा हट्टही नाही. आणि माझ्यावर रागावलीस तर रागाचंच पत्र लिही, ख्यालीखुशाली घालून ते पातळ करू नकोस.

तुझाच,
आत्माराम